थांबलेलें हृदय आणि साथीचा काळ

एखाद्या मनुष्याचें हृदय अकस्मात् बंद पडलें असतां त्याच्या छातीवर दोन्ही हातांनीं दाब देऊन रक्ताभिसरण कांहीं काळ चालूं ठेवतां येतें, ही गोष्ट आज सुशिक्षित घरांतून बहुतेकांस ठाऊक आहे. ही रीत मात्र फार जुनी नव्हे. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनीं ती १९६० सालीं वैद्यकीय जगापुढें मांडली. त्यांच्या पहिल्या २० रोग्यांपैकीं १४ वांचले. त्यांतील कित्येकांचें हृदय शस्त्रक्रियेसाठीं भूल दिली असतां थांबलें होतें. म्हणजे घड्याळ धड होतें, केवळ लंबक अडकला होता. पुढें या उपायाला श्वासनलिकेंतील नळी, विजेचा झटका व शिरेंतून द्यावयाचीं औषधें यांची जोड मिळाली, आणि वेगळी सूचना नसेल तर रुग्णालयांत हृदय थांबलेल्या प्रत्येकावर तो करावा असा परिपाठ अनेक देशांत पडला. लंबक अडकलेलें घड्याळ आणि झिजून संपलेलें घड्याळ यांत भेद करण्याची संवय त्या परिपाठांत सुटत गेली.

२०२० सालीं कोरोनाची साथ जगभर पसरली तेव्हां या परिपाठाची कसोटी लागली. खोलींत रोग्याचें हृदय थांबलें आहे, यंत्राची घंटा वाजते आहे, आणि दाराबाहेर परिचारिका झगा, हातमोजे, मुखपट्टी व चष्मा चढवीत उभी आहे. रक्तावांचून मेंदूला चार-पांच मिनिटांतच इजा होऊं लागते. पोशाखांत त्यांतलीं दोन-तीन सहज जातात. उलट, ती तशीच आंत धांवली तर रोग्याचा दूषित श्वास थेट तिच्या तोंडावर यावयाचा. छातीवरील दाबानें असे रोगकण हवेंत खरोखर उडतात कीं नाहीं, यावर इंग्लंडांतील सार्वजनिक आरोग्यखातें व तेथील पुनरुज्जीवन-परिषद यांचेंही त्या वर्षीं एकमत झालें नाहीं. अमेरिकन हार्ट असोसिएशननें एप्रिल २०२० मध्यें सांगितलें तें असें, कीं आधीं पोशाख, मग प्रवेश, आणि आंत माणसें शक्य तितकीं थोडीं.

हा निर्णय वरवर पाहतां भित्रेपणाचा वाटतो. पण तो योग्यच होता. ती परिचारिका त्या एकाच खाटेची नसते. ती आजारी पडली तर कित्येक दिवस इतर खाटा तिला मुकतात, आणि तिच्या घरच्या माणसांना लागणारी लागण ती वेगळीच. तिनें पोशाखाविना आंत जावें अशी अपेक्षा बाहेरच्या मनुष्यानें धरणें म्हणजे दुसऱ्याच्या खर्चानें उदार होणें होय.

परंतु याच्या आडून दुसरा एक विचार हळूच आंत शिरला. वुहान येथील एका मोठ्या रुग्णालयांत १५ जानेवारी ते २५ फेब्रुवारी २०२० या अवधींत हृदय थांबलेल्या १३६ कोरोनाग्रस्तांवर हे प्रयत्न झाले. महिन्यानंतर ४ जण हयात होते, आणि त्यांतील एकाचाच मेंदू धड राहिला होता. मग रोगाचें नांव कोरोना असेल तेथें हा खटाटोप करूंच नये, असा सरसकट नियम करावा काय, याची चर्चा अमेरिकेंतील कांहीं रुग्णालयांत झाली. सेवकाला धोका किती हा एक प्रश्न. रोग्याला उपयोग किती हा अगदीं दुसरा. घाईंत दोहोंची गांठ मारली गेली.

साथीचे पहिले आंकडे किती फसवे असतात हें कोपनहेगननें १९५२ सालींच पाहिलें होतें. तेथें पोलिओच्या साथींत ब्लेगडाम रुग्णालयांत पहिल्या तीन आठवड्यांत श्वासयंत्रावर ठेवलेल्या ३१ रोग्यांपैकीं २७ दगावले. या आंकड्यावरून उपचार व्यर्थ असा निकाल देतां आला असता. त्याऐवजीं ब्यॉर्न इब्सेन नांवाच्या भूलतज्ज्ञाला पाचारण झालें. त्यानें गळ्याला छेद घेऊन नळी घातली व रबरी पिशवी हातानें दाबून श्वास पुरविला; सुमारें १५०० विद्यार्थी पाळीपाळीनें रोग्यांच्या उशाशीं बसून ती पिशवी दाबीत राहिले, आणि मृत्यूचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. चूक रोग्यांत नव्हती, रीतींत होती.

कोरोनाच्या बाबतींतही तसेंच कांहीं झालें. अमेरिकेंतील ६८ रुग्णालयांतून अत्यवस्थ रोग्यांची पाहणी होऊन ती २०२० च्या शरदांत प्रसिद्ध झाली. हृदय थांबल्यावर ज्या ४०० जणांवर प्रयत्न झाले, त्यांतील ४८ जण घरीं जाण्याच्या स्थितीला आले. पंचेचाळिशीच्या आंतल्यांत हें प्रमाण शेंकडा २१ होतें, ऐंशी व त्यापुढच्यांत शेंकडा ३ च्या आंत. रोगाचें नांव एकच, पण तरुणाला आशा आहे आणि जर्जराला जवळजवळ नाहीं. म्हणजे नियम रोगाच्या नांवावर बसवितां येत नाहीं. तो केवळ वयावरही बसवूं नये. सत्तरीचे दोन गृहस्थ, एक रोज टेकडी चढणारा व एक मूत्रपिंडें निकामी झालेला, यांना एका रांगेंत कसें बसवावें?

इंग्लंडांत नेमकें तसें घडल्याच्या तक्रारी आल्या. रोग्याशीं बोलल्यावांचून असा निर्णय नोंदूं नये असें तेथील अपील कोर्टानें २०१४ मध्यें ठरविलें असतांही, २०२० च्या वसंतांत कांहीं वृद्धाश्रमांतील व अपंगांच्या निवासांतील माणसांच्या कागदांवर ‘प्रयत्न नको’ अशी नोंद त्यांना न विचारतां झाली. सरकारी देखरेख-आयोगानें चौकशी करून मार्च २०२१ मध्यें हे दोष उघडपणें मांडले.

हिंदुस्थानांत दोष उलट बाजूचा आहे. येथें रोग्याला विचारीत नाहींत, कारण त्याला कांहीं सांगतच नाहींत. ‘आजोबांना कळूं देऊं नका’ हें वाक्य महाराष्ट्रीय घरांत मायेनें उच्चारलें जातें. मग ऐन वेळीं पुत्र एक म्हणतो, कन्या दुसरें, आणि निर्णय अखेर दमलेल्या निवासी डॉक्टरवर येऊन पडतो. तेव्हां विचारण्यास वेळ नसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें अशा निर्णयांसंबंधीं मार्गदर्शक तत्त्वें २०२० मध्यें प्रसिद्ध केलीं. सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं मनुष्याला आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला होता. पण त्यावर मॅजिस्ट्रेटची सही हवी होती, आणि तेवढ्यासाठीं कोर्टाची पायरी कोण चढणार? २४ जानेवारी २०२३ रोजीं ती अट निघाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तो कागद करतां येतो, आणि तो करतांना घरांतील मंडळींनीं शेजारीं बसावें हें उत्तम.