पागेचे घर आणि वाढते कुटुंब

लंडनच्या बेलग्रेव्हिया, मेरिलबोन, केन्सिंग्टन या भागांत १८व्या आणि १९व्या शतकांत धनिकांच्या घरांच्या ओळी उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या पिछाडीला घोडे व बग्ग्या ठेवण्यासाठी अरुंद गल्ल्याही आखल्या गेल्या. या गल्ल्यांना ‘म्यूज’ म्हणतात. तेथील इमारतींत खाली तबेला व बग्गीखाना, तर वर गवताचा माळा आणि गाडीवानाचे किंवा मोतद्दाराचे बिऱ्हाड अशी रचना असे. २०व्या शतकात मोटारी आल्या, पागा ओस पडल्या आणि त्यांपैकी अनेकींची हळूहळू राहती घरे झाली.

अशा घरात कुटुंब वाढू लागले की जागेइतकीच उजेडाचीही चणचण भासते. मागची भिंत मालकाच्या आवाराकडे असल्यामुळे, नोकरांची नजर तिकडे जाऊ नये म्हणून तिला बहुधा खिडक्या ठेवलेल्या नसत. त्यामुळे जिना मागच्या अंगाला घेऊन त्याच्या माथ्यावर छपरात काचेचा झरोका ठेवणे हिताचे ठरते. पायऱ्यांमधील उभ्या फळ्या गाळल्या, तर तो उजेड तळमजल्यापर्यंत झिरपतो.

मागे मोकळी जागा क्वचितच असल्याने विस्तार वर किंवा खाली करावा लागतो. मॅन्सार्ड छप्पर, म्हणजे ज्याची खालची उतरण जवळजवळ उभी आणि वरची सौम्य असते असे छप्पर, माळ्यावर पुरेशा उंचीची खोली देते. तळघर खोदताना मात्र जुन्या उथळ पायाखाली सुमारे एकेक मीटर लांबीचे, एकमेकांना न लागणारे भाग आळीपाळीने खणून काँक्रीटने भरतात, कारण सगळी माती एकदम काढली तर भिंत खचते. ही भिंत पुष्कळदा सामाईक असते, म्हणून १९९६च्या कायद्यानुसार शेजाऱ्याला आगाऊ लेखी सूचना द्यावी लागते. शिवाय वारसा यादीतील इमारतीचे वैशिष्ट्य बदलेल असे काम परवानगीवाचून करणे १९९०च्या कायद्याने गुन्हा ठरते.

या बंधनांना जाच मानणे योग्य नाही. बग्गीची रुंद दारे, माळ्यावर गवत ओढून घेण्याचे दार आणि त्यावरची कप्पीची तुळई ही सबंध गल्लीची ठेव आहे. एका घराने ती बुजवली की साऱ्या ओळीचे रूप बिघडते. विटांच्या दरजाही चुन्यानेच भराव्यात, कारण सिमेंट ओल कोंडून ठेवते आणि मऊ वीट फुटू लागते. कुटुंबाच्या गरजेला वाव द्यायचा तो आतून, आणि नव्या आडभिंती, कपाटे शक्यतो जुन्या बांधकामाला धक्का न लावता काढता येतील अशी बसवावीत, म्हणजे पुढच्या पिढीलाही आपल्या सोयीने घर बदलता येईल.