आधी १०८, मग आई-बाबा : बाळ सांभाळणाऱ्या मावशींची तयारी

आजचा भाग ज्यांच्या घरी लहान मूल आहे आणि दिवसभर ते दुसऱ्या कुणाकडे असतं, त्यांच्यासाठी. मग ते कुणी म्हणजे कामाला येणाऱ्या मावशी असतील, गावाहून आलेली आजी असेल, नाहीतर कॉलेजात जाणारा मामा.

घरातून निघताना आपण सगळं सांगतो. बाराला वरणभात, चारला दूध, टीव्ही लावायचा नाही. आणि शेवटी, चपला घालता घालता : "काही झालं तर फोन करा हं!"

गडबड या शेवटच्या वाक्यात आहे. तुम्ही मीटिंगमध्ये असता, फोन सायलेंटवर. किंवा लोकलमध्ये, रेंज नाही. इकडे मावशी फोन लावतायत, परत लावतायत. थांबतात कशासाठी? कारण त्यांना भीती वाटते. न विचारता हॉस्पिटलात नेलं तर दादा काय म्हणतील? पैसे कोण देणार? "तुमचं लक्ष कुठे होतं?" असं ताई विचारतील का?

म्हणून पहिलं काम, त्यांना स्पष्ट शब्दांत परवानगी द्या. "मावशी, बाळाला श्वास घेता येत नसेल, ते शुद्धीत नसेल, झटके येत असतील, तर आम्हाला विचारायचं नाही. आधी १०८ लावायचा, शेजारच्या काकूंना हाक मारायची. आम्हाला फोन त्यानंतर." आणि एका पाकिटात थोडे पैसे ठेवा, ते कुठे आहेत ते दाखवा.

१०८ ही आपल्याकडची मोफत अॅम्ब्युलन्स. पोलीस किंवा आग असेल तर ११२. फोन लॉक असला तरी इमर्जन्सी कॉल लागतो, तो कसा लावायचा हे मावशींच्या हातात फोन देऊन दाखवा. पलीकडून पहिला प्रश्न येणार, पत्ता काय? मावशी रोज चालत येतात, रस्ता डोळे मिटून सांगतील. पण बिल्डिंगचं नाव, विंग, मजला, जवळची खूण हे पाठ असतंच असं नाही. मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दाराजवळ चिकटवा. खाली बाळाचं वजन, अॅलर्जी, डॉक्टरांचा नंबर आणि रात्री-अपरात्री चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल. वाचता येत नसेल तर पत्ता तोंडपाठ करून घ्या.

आता काय करायचं, ते.

घशात अडकणं. शेंगदाणा, द्राक्ष, नाणं, काहीही. बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल, तर वेळ नाही. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं, डोकं खाली, खांद्यांच्या मधोमध तळहाताने ५ थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यभागी एका तळहाताच्या खालच्या भागाने ५ दाब. निघेपर्यंत आलटून पालटून. वर्षाच्या पुढचं मूल असेल तर वाकवून पाठीवर ५ थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर ५ वेळा आत-वर दाब. दिसत नसलेली वस्तू काढायला घशात बोट घालायचं नाही, ती आणखी आत जाते. बाळ बेशुद्ध पडलं तर सीपीआर लागतो. तो ऐकून येत नाही, एखाद्या प्रथमोपचार वर्गात मावशींना सोबत घेऊनच शिका.

भाजणं. चहा सांडला, कुकरला हात लागला. नळाच्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नाही.

तापात झटके. एका कुशीवर झोपवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवणं नाही. ५ मिनिटांत थांबले नाहीत तर १०८. थांबले तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

फिनाईल, रॉकेल पोटात गेलं? उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. बाटली सोबत घ्या आणि हॉस्पिटल गाठा. रिमोटमधला चपटा, गोल सेल गिळला असेल तर बाळ हसत खेळत असलं तरी लगेच निघायचं.

आणि एक आपल्या घरांतला हमखास प्रकार : मावशी गॅलरीत कपडे वाळत घालतायत, बाळाने आतून कडी लावली. खालच्या कड्या आजच काढून टाका, जादा किल्ली शेजारी द्या. बाथरूममधली बादली भरून ठेवू नका, थोड्या पाण्यातही लहान मूल बुडतं.

हे सगळं नुसतं सांगून होत नाही. रविवारी १५ मिनिटं काढा. बाळाऐवजी उशी घ्या आणि मावशींनाच करून दाखवायला सांगा. १०८ खरा लावू नका, पण पत्ता मोठ्याने बोलायला लावा. त्यांनीच एखादी गोष्ट तुमच्या लक्षात आणून दिली, तर ऐका. दिवसभर घरात त्या असतात.

तुम्ही स्वतःच भाचरं सांभाळत असाल, तर ताई निघायच्या आधी हेच सगळं तिला विचारून घ्या.

शेवटचं. कधी खरंच तो फोन आला, तर पहिलं वाक्य "असं झालंच कसं?" नको. "बाळ कसं आहे, तुम्ही कुठे आहात, मी निघालेय," एवढंच. कारण आज तुम्ही ओरडलात, तर पुढच्या वेळी मावशी परत आधी तुमच्याच फोनची वाट बघत बसतील.

हा भाग आजी-मामांच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!