तपू आणि कथिलाची थाळी

मंडळी, कॅप्टन कुकच्या सफरी आपण शाळेत वाचल्या आहेत, त्यात वेळ घालवत नाही. १७७७ साली, तिसऱ्या सफरीत, तो टोंगात होता. सरदारांना जेवायला बोलावलं. जेवण मांडलं, पण एकही जण बसेना, घास उचलेना. का? तर सगळं ‘तपू’ आहे. या शब्दाची व्याप्ती मोठी, पण साधारण अर्थ मनाई, अशी कुकने रोजनिशीत नोंद केली. इंग्रजीत त्याचा ‘टॅबू’ झाला, १९१३ मध्ये फ्रॉइडने तो पुस्तकाच्या नावात घातला, आणि आपल्या रविवारच्या पुरवण्या चारचौघांत न बोलायच्या विषयाला आज तोच शब्द लावतात.

माझं म्हणणं असं की कुकने अर्धाच शब्द नेला. तो ज्या बेटावर उतरला त्याचं नावच टोंगातपू, पवित्र टोंगा. टोंगाच्या भाषेत बायबलला ‘तोहितपू’ म्हणतात. मग मिशनऱ्यांनी काय मनाई केलेला ग्रंथ वाटला? (हशा) आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. तिकडे तपू लागतं तसं ते उतरवताही येतं. माओरी आणि हवाईच्या भाषांत त्या मोकळ्या स्थितीला ‘नोआ’ म्हणतात. हा शब्द जहाजात चढलाच नाही.

विल्यम मरिनरची हकीकत सांगतो. १८०६ मध्ये टोंगाच्या लोकांनी त्याचं जहाज लुटलं. पोरसवदा मरिनर वाचला आणि पुढे काही वर्षं तिथेच राहिला. त्याने सांगितलेलं १८१७ मध्ये छापून आलं. वरच्या सरदाराच्या अंगाला हात लागला की तो हात तपू. त्या हाताने जेवायचं नाही, दुसऱ्याने भरवायचं. सुटका हवी तर आणखी मोठ्या सरदारापुढे जायचं, त्याच्या तळपायांना आधी तळहात, मग हाताची मागची बाजू लावायची आणि हात धुवायचे. पाणी नसेल तर केळीचा रस चोळायचा. याला ‘मोएमोए’ म्हणत. आता तुइ टोंगा हा सर्वांत पवित्र पुरुष. तो प्रत्येक वेळी कुठे सापडणार? म्हणून तो पायांऐवजी एक भांडं ठेवून जाई. मरिनरच्या काळात ते भांडं म्हणजे कथिलाची एक थाळी होती. ती या तुइ टोंगाच्या वडिलांना दिली होती कुकने! मनाईचा शब्द घेऊन गेलेल्या माणसाचीच थाळी तिथे मनाई उतरवत होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. दुसरी चिठ्ठी श्रोत्यांकडून: ‘हे आपलं सोवळंच नाही का?’ सोवळ्याशी साम्य आहे, मान्य. सोवळं मोडलं तर आंघोळ करून पुन्हा नेसता येतं. पण त्या साम्याच्या आडोशाने कुणी अस्पृश्यता झाकू नये. (टाळ्या) थांबा, टाळ्या नकोत. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी आणि सत्याग्रहींनी प्यायल्यावर सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळं शुद्ध करून घेतलं. पाण्याला सुटका होती. माणसाला मात्र जन्मभर नव्हती.

आता हवाई, धावतं. तिथे तपूला म्हणत कपू. बायकांनी पुरुषांबरोबर जेवायचं नाही. डुकराचं मांस, नारळ, बहुतेक केळी त्यांना बंद. १८१९ मध्ये पहिला कामेहामेहा वारला. त्याची राणी काआहुमानू आणि नव्या राजाची आई केओपुओलानी या दोघींनी जोर लावला, आणि तरुण राजा लिहोलिहो भर मेजवानीत बायकांच्या मेजावर जाऊन जेवला. त्या जेवणाचं नाव ‘आय नोआ’, मोकळं जेवण. मिशनरी पोचले १८२० मध्ये, म्हणजे नंतर. तेव्हा श्रेय त्या दोन बायकांना द्या.

न्यूझीलंडमधली ‘राहुई’, म्हणजे समुद्रात कुणी बुडालं की त्या किनाऱ्यावर काही काळ मासेमारी बंद ठेवण्याची रीत, सांगायची राहिली. ज्यांना ऐकायची आहे त्यांनी मागच्या खोलीत यावं, मी थांबतो.