नागोबाचा नेम: एका दिवसाचा की बारा महिन्यांचा?



श्रावण लागला, की लेकीबाळींना माहेरचे वेध लागतात. पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपवास धरतात. दुसऱ्या दिवशी पाटावर नाग काढून त्याला दूध-लाह्या-फुटाणे वाहतात, गाणी म्हणत वारुळाला जातात, झाडाला झोके बांधतात. त्या दिवशी काही चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही, तळायचे नाही. पुरणाची दिंडं वाफवून खायची. रानात नांगर, कुदळ, खुरपे लावायचे नाही. हे मी तुम्हाला शिकवावे असे नाही. कनेरगाव नाक्यापासून औंढ्यापर्यंत लहान पोरालाही ते ठाऊक आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात तर औंढ्याला साक्षात नागनाथच आहे.

मग शेतीखात्याचा माणूस या सणावर कशाला बोलतो, असे तुम्ही म्हणाल. मंडळी, हा नेम मुळात शेतकऱ्याचाच आहे. पंचमीची कहाणी आठवून बघा. एका शेतकऱ्याने नांगर धरला. फाळाखाली नागिणीचे वारूळ आले आणि तिची पिले मेली. नागिणीने येऊन नांगराला लागलेले रक्त पाहिले आणि रागाने शेतकऱ्याचे सारे घर डसून टाकले. सासरी असलेली लेक तेवढी उरली. नागीण तिच्याकडे गेली, तो ती पाटावरच्या नागाला हात जोडून बसलेली! नागिणीचा राग निवला. तिने अमृत दिले, लेकीने ते माहेरी नेले आणि सारे घर उठून बसले.

आता यात शेतीचे काय ते पाहा. नागाची मादी साधारण उन्हाळ्यात अंडी घालते आणि दोनेक महिन्यांनी पिले बाहेर येतात. म्हणजे पावसाळ्याच्या या दिवसांत बांधाला, वारुळाला, उंदराच्या बिळाला नवी पिले असतात. बिळांत पाणी शिरल्याने मोठे सापही कोरडी जागा शोधत फिरतात. अशा वेळी जमीन उकरू नये, हा नेम ऋतूला धरूनच आहे.

पुराणातही हेच दिसते. परीक्षित राजाला तक्षकाने दंश केला म्हणून जनमेजयाने सर्पसत्र मांडले. साप होमात पडू लागले. ते सत्र आस्तिक ऋषीने थांबवले. त्याची आई नागकुळातली होती. कृष्णानेही कालियाला ठार मारले नाही; यमुनेचा डोह सोडून समुद्राकडे जायला सांगितले. तिन्ही गोष्टींचा सांगावा एकच: सापाला मारू नका, त्याची जागा त्याला द्या आणि आपण आपल्या जागी सांभाळून राहा.

आणि आपण काय करतो? पंचमीला पूजा, षष्ठीला काठी! बिचाऱ्या धामणीला विष नसते, पण तीही दिसली की ठेचतो. धामण आणि नाग आपल्या रानातले उंदीर खातात. ज्या उंदरासाठी आपण विषारी गोळ्या आणतो, त्याच उंदराच्या बिळात शिरून हे जनावर फुकट राखण करते.

दुधाविषयीही स्पष्ट सांगतो. दूध हे सापाचे अन्न नव्हे. गारुडी त्याला दिवस दिवस तहानलेला ठेवतो, म्हणून तो समोर येईल ते पितो आणि पुढे त्यानेच मरतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे नाग धरणे, खेळवणे, मारणे हा गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पूजा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश आल्यावर तिथेही मातीच्या नागाची पूजा होऊ लागली. आपल्या माउल्या तर पिढ्यान् पिढ्या पाटावरचाच नाग पुजत आल्या आहेत. तीच रीत चांगली.

आता जिवाची गोष्ट. मी सहावीत असताना आजोळी सालगड्याला कडबा उपसताना हाताला साप चावला. लोकांनी त्याला मारुतीच्या पारावर नेले, लिंबाचा पाला चघळायला दिला, मंत्र म्हटले. कडू लागते का, हे विचारण्यात रात्र सरली. उजाडायच्या आत माणूसही सरला. दवाखाना सात-आठ मैलांवर होता. गाडी-बैल दारात उभे होते.

मंत्राने माणूस वाचल्याचे तुम्ही ऐकले असेल. पण पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी पुरते विष सोडतोच असे नाही. असा माणूस मंत्राविनाही वाचला असता. खरे विष भिनले, की मंत्राचा उपयोग होत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांत बहुतेक खेड्यातली, आणि जास्त मृत्यू पावसाळ्यातले. कहाणीतले अमृत आज लसीच्या रूपाने सरकारी दवाखान्यात आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते. म्हणून साप ओळखायला किंवा मारून आणायला थांबू नका.

साप चावल्यास:
१) माणसाला धीर द्या, चालू-पळू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय लाकडी पट्टी लावून स्थिर ठेवा.
२) अंगठी, बांगड्या, जोडवी, करदोरा लगेच काढा; सूज चढते.
३) चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका, दोरीने करकचून आवळू नका.
४) १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. लस कुठे असते, हिंगोली जवळ पडते की वाशीम, हे आजच विचारून ठेवा.
५) मण्यारीचा चावा पुष्कळदा दुखत नाही. रात्री भुईवर झोपलेल्याच्या पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर वाट पाहू नका.

साप चावू नये म्हणून:
१) रात्री मोटार चालू करायला जाताना बॅटरी, काठी आणि बूट हवेतच. मोटारीची पेटी उजेडात पाहून उघडा.
२) सोयाबीन, हळद दाट झाली, की निंदताना आधी काठीने पाला हलवा, मग हात घाला.
३) कडबा, सरपण, गोवऱ्या घरापासून दूर रचा. धान्य सांडू देऊ नका. दाण्यामागे उंदीर, उंदरामागे साप येतो.
४) बाजेवर झोपा, मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचा.
५) घरात साप निघाला तर लांबून नजर ठेवा आणि जाणत्या सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवा.

आणखी एक. सर्पदंशाने शेतकरी दगावल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कुटुंबाला २ लाख रुपयांची मदत आहे. त्यासाठी डॉक्टरांचे कागद लागतात. पारावर कागद मिळत नाही. पण ही मदत घ्यायची वेळ कुणावर न येवो, हीच नागनाथाचरणी प्रार्थना.

माउल्यांनो, यंदा वारुळाला जाल तेव्हा लाह्या-फुले वाहा, गाणी म्हणा, झोके घ्या. दूध मात्र घरच्या लेकराला द्या. बंधूंनो, तुम्ही बांधावरचे एखादे वारूळ तसेच राहू द्या. ज्या भावासाठी बहीण उपवास धरते, त्या भावाने रात्री बूट घालून रानात जावे. नागोबाचा नेम बारा महिने पाळला, असे मग म्हणता येईल.

बरं तर मंडळी, रामराम!