दहा विजय आणि एक भांडण

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, तो हातात धरून धावायचे, नाहीतर पुढे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकता आले नाही, की चेंडू गेला. म्हणून चौथ्या वेळी बहुधा तो लाथेने दूर भिरकावतात.

आयोवा विद्यापीठाचा २०२३ चा संघ घ्या. यार्डांच्या हिशेबात त्याची चढाई पहिल्या श्रेणीत सर्वांत शेवटची. तरी सामने जिंकले दहा! बचाव भक्कम, आणि मेलबर्नच्या टोरी टेलरची लाथ अशी, की १९३८ चा विक्रम मोडला. चढाई फसली की टेलर येई, आणि प्रेक्षक टाळ्या पिटीत!

मग चाहत्यांत जुंपली. एक म्हणे, ‘‘जिंकलो ना? मग झालं तर!’’ दुसरा २०२२ ची आठवण देई: साउथ डकोटा स्टेटवर ७–३ असा विजय, त्यात चार गुण बचावाने मिळवलेले.

चढाईचे प्रशिक्षक ब्रायन फेरेन्ट्झ हे मुख्य प्रशिक्षक कर्क यांचे चिरंजीव. तेव्हा भांडण घरातही शिरले. ब्रायन यांच्या करारात सामन्यामागे सरासरी २५ गुणांची अट, आणि बचावाचे गुणही त्यातच धरायचे! ऑक्टोबरमध्येच विद्यापीठाने जाहीर केले, की हंगामानंतर ते नाहीत. मला दुसऱ्याचेच पटते. बचाव रोज कुठवर तारणार? शेवटचे दोन सामने पाहा ना: मिशिगनपुढे ०–२६, टेनेसीपुढे ०–३५.