मास्तरीणबाईंनी कुठे राहावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे कार्यकारी मंडळाने मला सांगितले तेव्हा विषय कोणता घ्यावा हे काही सुचेना. आरोग्य, मुलांचे संगोपन, बचत यांवर दरसाल माझ्याहून जाणत्या बायका येथे बोलून जातात. पण हळदीकुंकवाला आपल्याकडे एक मुलगी आली होती, तिने माझी अडचण दूर केली. ती लातूर जिल्ह्यातली. सरकारच्या पवित्र पोर्टलवरून तिची निवड झाली आणि आपल्या भागातल्या एका शाळेत ती शिक्षणसेवक म्हणून रुजू झाली. पहिली ३ वर्षे ठरावीक मानधनावर काढायची. माध्यमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला २०२३ पासून दरमहा १८,००० रुपये मिळतात. तेवढ्यात परळ-लालबागला राहायचे कसे, हे तुम्हीच सांगा. वाण घेता घेता ती मला हळूच म्हणाली, “बाई, तुम्हीही बाहेरूनच आलात ना? मी कुठे राहू?”

त्या गर्दीत मला उत्तर देता आले नाही. ते आज देते. तिच्यासाठी आहे, तसे थोडे तुमच्यासाठीही आहे.

मी या शहरात आले ती १९६६ च्या मे महिन्यात. पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी रत्नागिरीहून निघाले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. बरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि आईने दिलेली सांडग्यांची पिशवी. बी.ए., बी.एड. झालेली, वय २२, आणि इथल्या एका खाजगी शाळेत नेमणूक झाल्याचे पत्र हातात. गिरगावात दूरच्या मामांकडे उतरले. दोन खोल्यांत सात माणसे होती, मी आठवी. मामी बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. पण रात्री मला अंथरूण घालण्यासाठी मामांना गॅलरीत झोपावे लागते हे तिसऱ्या दिवशी मला कळले, आणि मी जागा शोधायला बाहेर पडले.

पगार २०० रुपयांच्या आत. पागडी देणे शक्यच नव्हते. राहिले पोटभाड्याने राहणे. दादरला एका घरमालकांनी मला खोली दाखवली, आणि मग विचारले, “मिस्टर काय करतात?” लग्न झालेले नाही म्हटल्यावर, “वडील राहायला येणार का?” वडील वारले होते. त्यांनी शांतपणे खोलीला कुलूप लावले. बोलण्यात काही उद्धटपणा नव्हता. पण ते कुलूप लावण्याचा आवाज मला अजून आठवतो.

शाळेतल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना मी विचारले. त्यांचे उत्तर ठाम होते. “शाळेच्या वस्तीत मास्तरणीने मुळीच राहू नये. आपण नळावर बादली घेऊन उभ्या राहिलेल्या मुलींनी पाहिल्या, की वर्गातला वचक संपला!” मला ते पटले. शिवाय गिरण्यांचे भोंगे, धूर, तीन पाळ्यांत येणारीजाणारी माणसे, याची खेड्यातून आलेल्या मला भीतीच वाटत होती. डोंबिवलीला एका सज्जन कुटुंबाने मागच्या अंगाची खोली दिली. समोर तुळस, विहीर, मोकळी हवा. गावीच आल्यासारखे वाटले.

शाळा सकाळची. साडेचारला उठायचे, अंधारात स्टेशन गाठायचे, करी रोडला उतरून धावत वर्गात शिरायचे. शाळा सुटली की पुन्हा धावत गाडी. येताजाता प्रत्येक वेळी सुमारे ४० किलोमीटरचा प्रवास. बायकांच्या डब्यात मी वह्या तपासल्या, भाजी निवडली, उभ्या उभ्या डुलकीही काढली. दोन वर्षे असे चालले. माझा एकही तास बुडला नाही, निकालही चांगले लागले. मी स्वतःला उत्तम शिक्षिका समजत होते.

आठवीच्या माझ्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, गणितात विशेष. दिवाळीनंतर तिला उशीर होऊ लागला. मी तिला दाराबाहेर उभी केली. मग तिचे खाडे पडू लागले. मी चिठ्ठी पाठवली, उत्तर आले नाही. नियमाप्रमाणे दिवस भरले आणि मी पटावरून तिचे नाव कमी केले. माझ्याच हाताने, लाल शाईने.

पुढे जुलैत एका दिवशी मुसळधार पाऊस झाला, रुळांवर पाणी चढले आणि गाड्या बंद पडल्या. आमच्या शाळेच्या शिपाईबाई मला आग्रहाने आपल्या खोलीवर घेऊन गेल्या. पहाटे कसल्याशा गलक्याने मला जाग आली. नळाला पाणी आले होते. बाहेर येऊन पाहते तो रांगेत तीच मुलगी, कडेवर हंडा आणि हातात कळशी.

“बाई, तुम्ही इथे?” ती म्हणाली.

मी विचारले, “शाळा का सोडलीस ग?”

ती म्हणाली, “मी कुठे सोडली? तुम्ही नाव काढलंत.”

तिची आई अंथरुणाला खिळली होती. वडील पहिल्या पाळीला जात. पाण्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच. पाणी भरल्यावाचून घर सोडणे तिला शक्यच नव्हते. आमच्या शाळेत दुपारचेही वर्ग होते! एका शब्दासरशी मी तिला तिकडे घातली असती. पण तो शब्द बोलायला मला ठाऊक असायला हवे ना! शाळेच्या फाटकापासून तिची खोली फार तर २०० पावले. रोज ४० किलोमीटर येणारी मी, ती २०० पावले दोन वर्षांत एकदाही चालले नव्हते.

मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगून तिचे नाव दुपारच्या वर्गात पुन्हा चढवले. ती काही आठवडे आली. पण तोवर घरच्यांनी तिचे गावाकडे ठरवून टाकले होते, आणि दिवाळीत तिचे लग्न झाले. या गोष्टीचा शेवट गोड करता आला असता तर मला आवडले असते. तो तसा नाही.

त्या महिन्यात मी डोंबिवलीची खोली सोडली. शिपाईबाईंच्याच मजल्यावर एक मावशी खानावळ चालवत. विधवा बाई, १० बाय १२ ची खोली, आणि पाळीपाळीने जेवायला येणारे वीसएक गिरणीकामगार. खोलीच्या एका कोपऱ्यात पडदा लावून त्यांनी मला जागा दिली, जेवणासकट ४५ रुपयांत. मिस्टर काय करतात, हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “रात्री यायला उशीर होणार असला तर सांगून जाशील ना? म्हणजे मी जागी राहीन.”

आईचे पत्र आले, “खानावळीत राहणारी मास्तरीण हे ऐकून गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही.” सहा महिन्यांनी ती स्वतः आली, चार दिवस मावशींबरोबर भाकऱ्या थापल्या, आणि त्यानंतर तसे पत्र कधी आले नाही.

या राहण्यात सगळे छानच होते असे मात्र समजू नका. एकांत असा नाहीच. माझ्याकडे कोण आले, मी काय आणले, कोणते लुगडे नेसले, हे साऱ्या मजल्याला ठाऊक. रात्री दहाला कोणी मनिऑर्डरचा फॉर्म भरून घ्यायला येई, कोणी पत्र वाचून घ्यायला. पोर नापास झाले की आई सरळ पडद्याआत येऊन भांडे. एकदा मी चिडून एका माउलीला फाडकन बोलले आणि मग रात्रभर झोप लागली नाही. शेवटी मावशींनीच नियम घालून दिला: आठ ते नऊ बाई सर्वांच्या, नऊनंतर बाई झोपल्या. तो नियम वस्तीने पाळला. वर्गातला वचक काही गेला नाही. उलट, नळावर पहाटे माझ्यामागे उभी असणारी मुलगी वर्गात उशिरा आली तर का आली, हे मला न विचारता समजू लागले.

त्या मावशींसारख्या असंख्य बायकांच्या कष्टांवर हे गिरणगाव जेवत होते. सावकाराचे व्याज फेडता फेडता त्या पिचून जात. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. आमच्या मावशी अंगठा उठवणाऱ्या. कर्जाच्या कागदावर सही करायची म्हणून पन्नाशीनंतर त्या माझ्याकडून स्वतःचे नाव लिहायला शिकल्या. माझ्या सगळ्या विद्यार्थिनींत अशी जिद्दीची दुसरी नाही.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. भोंगे थांबले. पहिल्या महिन्यांत उत्साह होता, मग डबे रिकामे होऊ लागले. मावशींनी उधारीवर जेवू घातले, पाटल्या मोडल्या, आणि तरी कोणाला ताटावरून उठवले नाही. कुटुंबेच्या कुटुंबे गावाकडे निघाली. शाळेत रोज कोणी ना कोणी दाखला मागायला येई.

दूर राहत असते तर मला दाखल्याचा अर्ज हातात पडल्यावरच कळले असते. इथे राहत असल्यामुळे ट्रंका बांधायला लागल्या की कळत होते. १९८३ च्या मार्चला दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या पाच मुली अशा निघाल्या होत्या. मी आणि तुमच्यापैकी काही जणींच्या सासवा, दारोदार गेलो. “मुलीला परीक्षेपर्यंत आमच्याकडे राहू द्या.” एक इथे, दोन तिथे, एक मावशींच्या पडद्यामागे माझ्याजवळ. पाचवीला तिच्या वडिलांनी ठेवले नाही. चौघींपैकी तिघी पास झाल्या. राहिलेली ऑक्टोबरला पुन्हा बसली आणि पास झाली. त्यांतली एक आज या सभेत दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिचे नाव सांगणार नाही, ती रागावेल.

तेव्हा लातूरच्या माझ्या मुली, आता तुझे उत्तर. प्रत्येक शिक्षिकेने शाळेशेजारीच राहिले पाहिजे असे मी म्हणत नाही. माझी एक सहकारी निवृत्तीपर्यंत डोंबिवलीहून आली आणि माझ्याहून चांगली शिकवत होती. पण तिने पहिल्या वर्षीच एक गोष्ट केली होती: दर शनिवारी शाळा सुटल्यावर ती दोन मुलींच्या घरी जाऊन येई. म्हणजे लांब राहायचे तर ती २०० पावले ठरवून चालावी लागतात. जवळ राहिले की ती आपोआप घडतात, एवढाच फरक.

जागा पाहताना तीन वेळा जाऊन पाहा. पहाटे पाण्याच्या वेळी, शाळा सुटते तेव्हा, आणि रात्री दहाला जिन्यात दिवा असतो की नाही ते पाहायला. शाळेच्या फाटकासमोर घेऊ नकोस, पंधरा मिनिटे चालावे लागेल अशी घे. पहिल्याच महिन्यात सगळी शिल्लक डिपॉझिटात अडकवू नकोस. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार कर आणि तो नोंदवून घे. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मागायला लाजू नकोस. आणि शेजारीण कोण आहे ते आधी पाहा, खिडकी कुठे उघडते ते मागाहून.

आता दोन शब्द आपल्याला, भगिनींनो. हे बोलण्यासाठीच खरे तर मी हा विषय घेतला. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. चाळींतल्या कित्येकांना नव्या इमारतींत जागा मिळाल्या, आनंदाची गोष्ट आहे. पण या मुलीने गेल्या दोन महिन्यांत आपल्याच भागात सहा जागा पाहिल्या आणि चार ठिकाणी तिला एकच उत्तर मिळाले, “एकट्या मुलीला सोसायटी देत नाही.” ६० वर्षांपूर्वी दादरला ऐकलेला तो कुलपाचा आवाज आपल्या दारांतून यावा, हे मला फार लागले. सोसायटी म्हणजे कोण? तिच्या बैठकीला बसणाऱ्या निम्म्या तर इथे समोर आहेत.

या सभेत तिघींच्या जागा रिकाम्या आहेत, मला ठाऊक आहे. भाडे सोडा असे मी म्हणत नाही. तिला परवडेल असे घ्या, दोघी शिक्षिकांना मिळून द्या, करार करा, चौकशी करा. फक्त चौकशीत पहिला प्रश्न मावशींचा असू द्या.

उद्या सकाळी साडेपाचला, पाण्याच्या वेळी, मी तिला घेऊन जागा पाहायला निघणार आहे. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी जिने चढणार आहे, तेव्हा फार वरच्या मजल्यावरचे पत्ते देऊ नका. ज्यांना दाखवायची असेल त्यांनी चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.