आवरावे काय आणि आवरू नये काय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘बुद्धाचे शील आणि आयुर्वेदाची दिनचर्या’ हा विषय चिटणीसबाईंनी मला दिला, तेव्हा मी अंमळ घाबरलेच. मी वैद्य नव्हे आणि पंडिताही नव्हे. पण घरात मामंजींच्या वेळचे वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ भाषांतरासह आहे. ते काढून वाचले आणि त्यात जे सापडले, तेच आपल्यापुढे ठेवते.

वाग्भट सुमारे सातव्या शतकातला. तो बौद्ध होता की वैदिक, याबद्दल विद्वानांत वाद आहे. त्यात आपण शिरावयास नको. मात्र त्याची दिनचर्या पाहण्यासारखी आहे. दात घासणे, अभ्यंग, व्यायाम, स्नान, भोजन हे सांगता सांगता तो दहा पापे टाळावयास सांगतो. देहाची तीन : हिंसा, चोरी, व्यभिचार. वाणीची चार : चहाडी, कठोर बोलणे, खोटे बोलणे आणि वायफळ बडबड. मनाची तीन : दुसऱ्याचे वाईट चिंतणे, परक्याच्या वस्तूचा लोभ आणि विपरीत दृष्टी. नेमकी हीच दहा, याच तीन भागांत, बौद्ध ग्रंथांत ‘अकुशल कर्मे’ म्हणून येतात. वाणीलाच चार का, हे आपल्या मंडळात कोणी विचारणार नाही अशी आशा आहे!

जेवणाचेही तसेच. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत बुद्धाकडे आला. बुद्धाने औषध दिले नाही. मात्रा ओळखून खाणाऱ्याच्या व्याधी कमी होतात, अशा अर्थाची गाथा सांगितली. राजाने एका तरुणाला ती पाठ करावयास लावली आणि रोज जेवताना म्हणावयास सांगितली. हळूहळू त्याचा आहार थोड्या भातावर आला आणि अंग हलके झाले. वाग्भट हेच हिशेबाने सांगतो : पोटाचे दोन भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक वायूसाठी मोकळा.

पण भगिनींनो, मला सर्वांत लागले ते पुढचे प्रकरण. शरीराचे तेरा वेग अडवू नयेत, असे तो म्हणतो. भूक, तहान, झोप, लघवी आणि डोळ्यांतले पाणीसुद्धा त्यांत आहे. आणि आवरावयाचे ते कोणते? लोभ, ईर्षा, द्वेष, मत्सर. बुद्धानेही मनाचे मळ म्हणून सांगितले ते हेच.

वाचता वाचता मी थांबले. आपण तर सारे उलटे करतो! सगळ्यांची पाने उठेपर्यंत भूक मारतो, प्रवासात लघवी दाबून ठेवतो, रडू गिळतो. मग तेच संध्याकाळी मुलांवर ओरडण्यात बाहेर पडते. मी स्वतः वर्षानुवर्षे शेवटी, उरलेसुरले खाल्ले आणि त्याला त्याग म्हटले. एके दिवशी ओट्यापाशी घेरी आली. रक्त तपासले, तर ते फारच कमी! डॉक्टरांच्या गोळ्यांनी बरी झाले. नुसत्या पोथीने झाले नसते. पण पहिले शील अहिंसेचे. त्यातून मी स्वतःला वगळले होते, हे मात्र पोथीने दाखविले.

शेवटी एकच गोष्ट सांगते. विहारात एक भिक्षू अतिसाराने आजारी होता. त्याच्याकडे कोणी पाहीना. बुद्धाने आनंदाला पाणी आणावयास लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून निजविले आणि बुद्धाने म्हटले, ज्याला माझी सेवा करावयाची असेल, त्याने आजाऱ्याची करावी. शुश्रूषा आपण जन्मभर करतो. पण घरात आजारी पडणारी बाईही एक आजारीच असते.

तेव्हा या वर्षी एवढे करू. दुपारी भूक लागेल तेव्हा जेवू, वर्षातून एकदा रक्त तपासून घेऊ, आणि शेजारणीची चहाडी ओठावर आली की तेवढा वेग मात्र आवरू.